पानगळीतच येणारा वसंत: रोजच्या वाटेवर फोटो कसे काढायचे

फेब्रुवारी अर्धा झाला की पुण्यात काटेसावर फुलायला लागते आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या झाडाची पानं गळत असतात. आपल्याकडचा वसंत असाच, पानगळीच्या मधोमध येतो. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं झालेलं, धुरळा, आकाश पांढरट, आणि त्यात मध्येच एखादं एकही पान नसलेलं झाड लालभडक. त्यामुळे हिरवंगार काहीतरी शोधत बाहेर पडलात तर हाती काही लागणार नाही, ते जुलैत बघू. आत्ता शोधायचा तो रंगाचा एखादा ठिपका, कोवळ्या पानावरची तांबूस झाक, बाजारात आलेला मोगरा, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. हे सगळं ऑफिसला जाता येता, भाजी आणायला जाताना दिसतं, त्यासाठी रजा टाकून कुठे जायची गरज नसते, फक्त कुठल्या वेळेला कुठे उभं राहायचं आणि कॅमेऱ्यात काय बदलायचं एवढं कळलं पाहिजे. तेच इथे सविस्तर लिहितेय. नव्वद टक्के गोष्टी मोबाईलवर होतात, ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांच्यासाठी मध्ये मध्ये आकडे देते.

आधी एक झाड धरा

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे. घरापासून चालत पाच-दहा मिनिटांवरचं, जिथून तुम्ही तसेही जाता येता असं एक झाड निवडा आणि फेब्रुवारीपासून एप्रिल संपेपर्यंत त्याचेच फोटो काढा. पिंपळ असेल तर उत्तम. पिंपळाची जुनी पानं झडतात, मग टोकदार गुलाबी कोंब दिसतात, मग तांब्याच्या रंगाची पातळ चकचकीत पानं येतात आणि बघता बघता ती पोपटी होऊन जातात. तांबूस रंग फार दिवस टिकत नाही, म्हणून एकदा कोंब दिसले की एक-दोन दिवसाआड तरी फोटो घ्या, नाहीतर मधला टप्पा हुकतो आणि मग थेट पुढच्या वर्षी. आणखी एक गोष्ट लक्षात येईल, एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एकाच वेळी पालवत नाहीत, एक पूर्ण हिरवा आणि दुसरा अजून बोडका असं सर्रास दिसतं, आणि दोघं एका फ्रेममध्ये आले तर तो फोटो नक्की काढा.

असे फोटो एकमेकांशेजारी ठेवल्यावर मजा यायला हवी असेल तर जागा तीच पाहिजे. फुटपाथवरचा एखादा विजेचा खांब, दुकानाची पायरी, कंपाऊंडचा कोपरा अशी खूण ठरवून टाका, लेन्स तीच ठेवा (साधी १एक्स, वाईड नको), फोन आडवा तर दर वेळी आडवाच, आणि वेळही साधारण तीच. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेषा चालू करा, बुंधा दर वेळी त्याच रेषेवर आणा. मागच्या वेळचा फोटो गॅलरीत उघडून एकदा बघून घ्यायचा आणि मग क्लिक करायचं, एवढ्यावर काम भागतं.

याचा उपयोग फोटोंपुरता राहत नाही. सीझनवॉच नावाचा एक भारतातलाच उपक्रम आहे, त्यात सामान्य लोक आपापल्या झाडावर कोवळी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, फळं किती आहेत ते नियमित नोंदवतात, म्हणजे झाडांचं वेळापत्रक बदलतंय का ते अभ्यासकांना बघता येतं. तुमच्याकडे तारखेसकट फोटो असतीलच, मग नोंदी करायला फार काही लागत नाही. झाड कुठलं ते ओळखता येत नसेल तर आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखायच्या अॅपवर पान, फूल आणि खोडाची साल असे तीन फोटो टाका, नुसत्या फुलावरून बरेचदा गडबड होते.

ऊन कधीचं घ्यायचं

डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा ऊन थोडं तिरकं असतं, पुण्यात त्या वेळी सूर्य माध्यान्हीला क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. २१ मार्चच्या सुमारास तोच ७१ अंशांवर जातो आणि मेच्या मध्याला तर बरोबर डोक्यावर, तेव्हा शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे हिवाळ्यात दहा-साडेदहापर्यंत चांगले फोटो मिळायचे ती सवय मार्चमध्ये चालत नाही, ऊन फार लवकर सपाट आणि कडक होतं. सूर्योदयापासून साधारण दीड-दोन तास आणि संध्याकाळी पाचनंतर, हे धरून चाला. मार्चच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईकडे सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सव्वासहाच्या आसपास येतो, तर गजर हळूहळू मागे घ्यावा लागतो. नागपूरकडे सूर्य आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधीच उगवतो, तिकडच्या लोकांनी त्या हिशोबाने निघायचं.

२०-२१ मार्चला सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. तुमच्या भागात पूर्व-पश्चिम जाणारा सरळ रस्ता किंवा गल्ली असेल (मोबाईलच्या नकाशावर लगेच कळतं) तर त्या आठवड्यात सकाळी ऊन त्या गल्लीतून आरपार येतं, सायकलवाले, दूधवाले, शाळेची मुलं सगळ्यांच्या लांब सावल्या तुमच्याकडे धावत येतात. गल्लीच्या पश्चिम टोकाला उभं राहा, सूर्य एखाद्या इमारतीच्या कडेआड किंवा माणसाच्या पाठीमागे लपेल असं बघा, मगच क्लिक करा.

दुपारी काहीच काढायचं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. या दिवसांत झाडं बोडकी असल्यामुळे त्यांच्या सावल्या फार देखण्या पडतात, फांद्यांची जाळीच्या जाळी. सकाळी नऊ-दहाला किंवा चार वाजता चुना मारलेल्या भिंतीवर, बंद शटरवर, शाळेच्या कंपाऊंडवर पडलेली सावली बघा, झाड फ्रेममध्ये न घेता नुसती सावली घ्या. पालवी फुटली की हे संपतं, म्हणून आधी उरकून घ्या.

आकाशाबद्दल एक. ऑक्टोबरनंतर पाऊस नसल्याने हवेत धूळ साठलेली असते, क्षितिजाकडचं आकाश पांढरट राखाडी दिसतं आणि फोटोत ते अजूनच मेलेलं येतं. त्यामुळे आकाश शक्यतो फ्रेमच्या बाहेर ठेवा. घ्यायचंच असेल तर सूर्य पाठीशी ठेवून वर बघा, तिकडे थोडा निळा शिल्लक असतो.

लाल फुलं लाल का येत नाहीत

पळस, पांगारा, काटेसावर या तिघांचे फोटो काढल्यावर नव्वद टक्के लोकांची तक्रार हीच असते की डोळ्यांना इतकं सुंदर दिसत होतं आणि फोटोत नुसता लाल डाग आलाय, पाकळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते कळतच नाही. याचं कारण समजून घेतलं तर पुढे कायम उपयोगी पडतं. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो. सावरीच्या पाकळीतून लाल इतका येतो की त्याचा कप्पा काठोकाठ भरतो, पण हिरवा-निळा जवळजवळ रिकामे असल्यामुळे सरासरी उजेड कॅमेऱ्याला ठीकच वाटतो आणि तो एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, कमी करत नाही. कप्पा एकदा भरला की पाकळीवरच्या शिरा, घड्या, सावल्या सगळं गेलं, नंतर एडिटिंग करून काही परत येत नाही.

उपाय सोपा आहे. फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल, मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पाकळीवरच्या रेषा दिसायला लागेपर्यंत. फोटो स्क्रीनवर थोडा काळपट वाटेल, वाटू दे, सावल्या नंतर उजळता येतात. कॅमेऱ्यावर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १ ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेड कुठे किती आहे ते दाखवणारा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवणारा लावा, त्यातला लाल उजव्या भिंतीला टेकला नाही म्हणजे झालं. पळसाचा फोटो बरोबर आला की नाही याची माझी परीक्षा अशी, फुलाच्या बुडाशी जो मखमली काळपट भाग असतो त्याची लव आणि केशरी पाकळीचा वळलेला पोपटाच्या चोचीसारखा बाक, दोन्ही दिसले पाहिजेत.

आणखी एक करा. मोबाईलमधलं सीन ऑप्टिमायझर किंवा एआय वगैरे जे काही बटण असेल ते फुलांपुरतं बंद ठेवा, ते फूल ओळखतं आणि रंग आणखी भडक करतं, आपल्याला नेमकं उलटं हवंय. आणि शक्य असेल तर लाल फूल कडक उन्हात काढूच नका. सूर्य उगवायच्या आधीचा पंधरा-वीस मिनिटांचा उजेड किंवा इमारतीची सावली या फुलांना जास्त मानवते.

आता उभं कुठे राहायचं. काटेसावर उंच वाढते, खालून फोटो काढला की मागे पांढरं आकाश आणि फुलं काळी. म्हणून वर चढा. झाडाशेजारच्या इमारतीचा जिना, मित्राची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, पादचारी पूल, कुठूनही फुलांच्या उंचीवर या, म्हणजे बॅकग्राउंडला समोरची भिंत किंवा टेकडीचा उतार येतो आणि लाल रंग उठतो. वर जाता येत नसेल तर उलट खाली बसा, सावरीची फुलं टपाटप खाली पडतात, जाड पाच पाकळ्या आणि मधला केसरांचा गुच्छ जसाच्या तसा. फुटपाथ झाडायच्या आधी सहा-साडेसहाला गेलात तर अख्खा सडा मिळतो. फोन जमिनीला टेकवून उलटा धरा, म्हणजे लेन्स अगदी खाली येईल आणि पुढचं फूल मोठं, मागे येणारी जाणारी पावलं असं काहीतरी छान जमून येतं. झाडाखाली एखादी स्कूटर उभी असेल आणि सीटवर फूल पडलं असेल तर तो फोटो मला सुट्या फुलाच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, त्यात गाव दिसतं.

सावर एप्रिल-मेमध्ये पुन्हा एकदा बघायची, बोंडं फुटून कापूस उडतो तेव्हा. संध्याकाळचं ऊन समोरून येत असेल आणि मागे गडद झाडी असेल तर हवेतला एकेक तंतू चमकतो.

मुंबईकरांसाठी, विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गालगत गुलाबी टॅबेबुइया फुलतो, तो मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला आहे पण आता मुंबईच्या वसंताचा भाग झालाय. तिथे हायवेवर गाडी थांबवून फोटो काढू नका, सर्व्हिस रोडच्या बाजूने चालत या, त्या बाजूने फोटोही चांगले येतात कारण फुलांच्या मागे गाड्यांचे दिवे धूसर होऊन येतात. आणि विदर्भात असाल तर तुम्ही खरोखर नशीबवान, पळसाची रानंच्या रानं आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचणारी माणसं. मोह रात्री-पहाटे गळतो, वेचणी उजाडायच्या आत सुरू होते, तर तिथे पोचायचं तर अंधारात. जाण्याआधी गावातल्या कोणाशी तरी बोलून ठेवा, एकटं जंगलात शिरू नका, या दिवसांत मोहाखाली अस्वलंही येतात.

कोवळी पानं सूर्यासमोर धरा

फुलांपेक्षा मला पालवी जास्त प्रिय आहे आणि तिचे फोटो लोक कमी काढतात. कोवळ्या पानांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, पान पूर्ण तयार होईपर्यंत ते कडक उन्हापासून त्याचं रक्षण करतं असं मानतात, त्यामुळे पिंपळ, आंबा, कुसुंब यांची पालवी तांबडी दिसते. सह्याद्रीच्या घाटात मार्चमध्ये कुसुंब बघा, लांबून वाटतं झाड लाल फुललंय, जवळ गेल्यावर कळतं ती नुसती पानं आहेत.

ही पानं पातळ असतात, म्हणून उजेड त्यांच्या आरपार जाऊ द्यायचा. सूर्य पानाच्या मागे आणि तुम्ही पुढे असं उभं राहा. पानामागे काहीतरी सावलीतलं, गडद यायला हवं, बुंधा, भिंत, दुसऱ्या झाडाची सावली. पानावर बोट ठेवून लॉक करा, एक्सपोजर जरा खाली. लेन्सवर थेट ऊन पडून फोटो धुरकट होत असेल तर दुसऱ्या हाताने लेन्सवर सावली करा, हात फ्रेममध्ये येत नाहीये ना बघा. आणि त्याआधी लेन्स पुसा, खरंच पुसा, खिशातला फोन असतो, त्यावर बोटांचा तेलकटपणा असतो आणि उन्हासमोर तोच सगळ्यात आधी दिसतो. २एक्स किंवा ३एक्स लेन्स असेल तर ती वापरा, पान जवळून घ्यायला १एक्सने अगदी टेकून फोटो काढण्यापेक्षा थोडं मागे सरून झूम लेन्स वापरली की बॅकग्राउंड शांत येतं.

करंजाची नवी पानं चकचकीत पोपटी असतात, त्यांच्यावर आकाशाचा पांढरा प्रकाश चमकतो आणि रंग फिका पडतो. कॅमेऱ्याला पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) असेल तर तो फिरवून ही चमक काढता येते. मोबाईलवाल्यांनी झाडाभोवती फिरून चमक कमी दिसेल अशी बाजू शोधायची.

वारा हा मोठा त्रास. ऊन चढलं की वारा सुटतो आणि पिंपळाचं पान तर स्थिर राहतच नाही. सकाळी लवकर जा, कॅमेऱ्यावर शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा, मोबाईलवर बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात, आठ-दहा फोटो घेऊन एक ठेवा.

पक्षी, थोडक्यात

फुललेली सावर किंवा पांगारा म्हणजे सकाळची खानावळच असते, मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, हळद्या, आणि पळसमैना म्हणजे भोरड्यांचे थवे. भोरड्या हिवाळी पाहुण्या, एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परत जायला लागतात. मोबाईलने पक्ष्याच्या मागे लागू नका, भरपूर फुलं उमललेली एक फांदी निवडा, फ्रेम आधीच लावून ठेवा आणि पक्षी तिथे येईपर्यंत थांबा. पक्षी छोटा आला तरी चालेल, फुलांसकट आला पाहिजे. कॅमेऱ्याला ३०० एमएम लेन्स आणि १/१००० शटर लावा.

तांबट, बुलबुल यांची घरटी याच दिवसांत असतात, बुलबुलाचं तर बरेचदा आपल्या गॅलरीतच. घरट्याजवळ जाऊन, फांदी बाजूला करून, फ्लॅश मारून फोटो काढू नका. फांदी हलवली की घरटं कावळ्यांना दिसतं आणि पिल्लं जातात. लांबून एखादा फोटो काढला तर लोकेशन टाकू नका.

गच्ची, स्वयंपाकघर, बाजार

वसंताचं निम्मं काम घरातच चाललेलं असतं. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर यायला लागले की समजायचं. पांढऱ्या धोतरावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पांढऱ्या कुरडया, आणि कॅमेरा त्यांना करड्या करून टाकतो, कारण समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करडं असेल असं गृहीत धरून तो उजेड ठरवतो. इथे लाल फुलांच्या उलट करायचं, सूर्याचं चिन्ह वर ओढा, कॅमेऱ्यावर अधिक ०.७. गुढीच्या साखरेच्या गाठी, मोगऱ्याचे गजरे, कैरीच्या फोडींना मीठ लावलेलं पांढरं ताट, सगळ्यांना हाच नियम. काळ्या माठांची रांग काढताना पुन्हा उलट, थोडं खाली. कुरडईची वेलबुट्टी उठून यायची असेल तर सकाळी आठच्या आत, ऊन आडवं असताना, गुडघ्यावर बसून कडेने घ्या. आई किंवा आजी सोऱ्या धरून बसली असेल तर हाताच्या पातळीवर या, वरून काढलेला फोटो कागदाचा येतो, हातांचा येत नाही. आणि हो, राखणीला बसवलेलं पोर काठी घेऊन पेंगत असतं, तो फोटो सोडू नका.

बाजारात या दिवसांत रंगच रंग, कलिंगडं, द्राक्षं, पहिल्या कैऱ्या, मोगरा, मातीचे माठ. अडचण असते ती ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या मावशींचा चेहरा निळा येतो, पिवळीखाली सगळंच कावीळ झाल्यागत. रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाईट बॅलन्स यात गोंधळतो. मावशी जिथे बसल्यात त्याच्या पुढच्या कडेला, जिथे बाहेरचा मोकळा उजेड पोचतो, तिथल्या टोपलीचा फोटो घ्या, किंवा त्यांनी काही द्यायला हात बाहेर काढला की तेवढा क्षण पकडा. पुण्याच्या मंडईसारख्या छताखालच्या बाजारात सकाळी बाजूच्या उघड्या कमानींतून आडवा उजेड येतो, तिथे गाळ्याकडे तोंड करून उभं राहण्यापेक्षा उजेड डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. संध्याकाळी एलईडीचे दिवे लागले आणि फोटोत आडवे पट्टे दिसायला लागले तर शटर १/१०० किंवा १/५० करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे याने पट्टे जातात. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर तिथे हे करता येतं.

माणसांना विचारा. आधी पावशेर कैऱ्या घ्या, दोन शब्द बोला, मग "मावशी, एक फोटो काढू का तुमचा?" असं सरळ विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या की त्या ताठ बसतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात, तो एक फोटो त्यांच्यासाठी काढायचा, मनापासून, मग गिऱ्हाईक आलं की त्या कामाला लागतात, तेव्हाचा तुमच्यासाठी. पुढच्या खेपेला त्यांच्या फोटोची प्रिंट घेऊन जा, फार खर्च येत नाही आणि ते त्यांचं देणं आहे असं मला वाटतं. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

होळी आणि रंग

होळी प्रदोषकाळी, म्हणजे सूर्य मावळल्यावर पेटते, त्यामुळे सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत मागे आकाश गडद निळं मिळतं, सगळ्यात चांगले फोटो तेवढ्यातच होतात. नाईट मोड बंद करा, तो बरेच फोटो एकावर एक रचतो आणि हलत्या ज्वाळांचा पिवळा गोळा होतो. ज्वाळेवर बोट दाबून लॉक करा आणि उजेड खाली ओढा. मग ज्वाळांकडून लक्ष काढून बोंब मारणाऱ्या पोरांचे, नारळ टाकणाऱ्या आजोबांचे चेहरे बघा, आगीचा उजेड कडेने पडतो तेव्हा चेहरे फार सुंदर दिसतात. कॅमेरा असेल तर आयएसओ १६००, एफ २.८, १/१२५ पासून सुरुवात करा. वारा कुठून येतोय ते बघून ठिणग्यांच्या विरुद्ध बाजूला उभं राहा.

धुळवडीला किंवा रंगपंचमीला फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, पिशवी लेन्सवर ताणून बसवा. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर बदलू नका, झूम लेन्स आतबाहेर होताना रंगाची पूड आत ओढते. घरी आल्यावर लेन्सवरची पूड आधी फुंकणीने उडवा किंवा मऊ ब्रशने झाडा आणि मगच पुसा, थेट पुसलं तर काचेवर चरे पडतात. चार्जिंगची खाच कोरड्या ब्रशने साफ करा, फोन चार्जिंगला लावायच्या आधी. कोकणात शिमग्याला गावी जाणार असाल तर पालखी नाचवतानाच्या गर्दीत आत शिरण्यापेक्षा अंगणात पालखी टेकली की घरातल्या बायका ओटी भरतात, नवस बोलतात, तिथे थांबा, आणि पालखीजवळ कुठवर जायचं ते मानकऱ्यांना विचारून घ्या.

पाडव्याची गुढी

गुढीच्या फोटोची नेहमीची अडचण म्हणजे गुढी उंच, मागे उजळ आकाश, आणि तांब्या, साडी, कडुलिंब, गाठी सगळं काळं. तुमची गुढी पूर्वेकडच्या खिडकीत असेल तर सकाळी ऊन थेट तिच्यावर येतं, खाली रस्त्यावर न थांबता समोरच्या इमारतीच्या जिन्यातून २एक्सने घ्या, मागे भिंत येईल, आकाश नाही. खिडकी पश्चिमेला असेल तर घाई करू नका, गुढी सूर्यास्ताच्या सुमारास उतरवतात, त्याआधीच्या तासाभरात सोनेरी ऊन मिळतं. तांब्यावर ऊन चमकून पांढरा ठिपका येतो, म्हणून एक्सपोजर तांब्यावर ठरवा. एकाच गल्लीतल्या सगळ्या गुढ्या ओळीने दिसतील अशी जागा सापडली तर झूम जास्त करा, त्या एकमेकींजवळ येतात आणि रस्ता भरल्यासारखा वाटतो.

डोंबिवली, ठाणे, गिरगावच्या शोभायात्रेला गेलात तर यात्रा निघायच्या तासभर आधी पोचा. फेटे बांधणं चालू असतं, नऊवारीची काठ-घडी बसवणं, ढोलाच्या दोऱ्या ताणणं, रांगोळीवाल्यांची शेवटची घाई, आणि उजेडही तेव्हाच मऊ असतो. बाईकवरच्या नऊवारीतल्या मुलींचे फोटो हजारो जण काढतात, त्यांना फेटा बांधून देणाऱ्या दादांचा कोणी काढत नाही.

घरी आल्यावर

एडिटिंग कमी करा. लाल फुलांच्या फोटोत सॅच्युरेशनला हातच लावू नका, सावल्या थोड्या वर, बस्स. पालवीच्या फोटोत वार्मथ वाढवला की तांबूस आणि पोपटी यातला फरक पुसला जातो, आणि तो फरकच तर आपण टिपायला गेलो होतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून छोटे होतात.

झाडाच्या फोटोंचा वेगळा अल्बम करा, तारीख फोटोतच साठवलेली असते पण झाडाचं नाव आणि जागा मात्र स्वतः लिहून ठेवा. दर महिन्याअखेर एखाद्या हार्डडिस्कवर कॉपी काढा. आणि एप्रिल संपल्यावर त्या अल्बममधले दहा-बारा निवडून ४ बाय ६ च्या प्रिंट काढा, तारखेच्या क्रमाने टेबलावर मांडा, कुठला टप्पा हुकलाय ते लगेच दिसेल आणि पुढच्या फेब्रुवारीत कधी लक्ष ठेवायचं ते त्याच प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहून टाका. तोवर रस्त्यावर बहावा आणि गुलमोहर सुरू झालेले असतात, पिवळ्या फुलांना उणे ०.३ च्या आसपास पुरतं, गुलमोहराला सावरीचाच नियम.